पाचोळ्याला पाणी

किडा नवा निघाला तर प्राध्यापक महादेवप्पांना डॉक्टरेट मिळणार होती, आणि किड्याच्या लॅटिन नावामागं त्यांचं आडनाव जगबुडीपर्यंत छापलं जाणार होतं. लाभाच्या मानानं भांडवल थोडं. ते दुसऱ्याचं होतं, एवढंच.

उदगीरकडच्या एका वाडीत वडाखालच्या पाचोळ्यात तो सापडला. फुलकिडाच, तिळाहून बारीक, काळा, बिनपंखी, शेवटाला नळी. पण बाकीच्यांचे पाय काडीसारखे, याचे पुढचे पाय पैलवानाच्या दंडासारखे फुगलेले आणि टोकाला दात. असा एकच. सिद्ध करायला आणखी हवे होते. हे किडे पानावरची बुरशी खातात, बुरशीला ओल लागते, आणि वाडीला पाणी टँकरचं.

वड धुरपताबाईच्या बांधावर होता. तिच्या दोन शेळ्या त्याच पाचोळ्यावर दुष्काळ काढत होत्या.

"मावशी, पाचोळा हलवू नका. वरून रोज घागरभर पाणी शिंपडा."

"वाळल्या पानाला पानी? अन् शेळ्यायला काय तुमचं पुस्तक चारू, मास्तर?"

"किडा नवा निघाला की वाडीचं नाव होईल. आता जिल्हा नवा झालाय, कलेक्टर लातुरातच बसतात. बघायला येतील, बोअर पाडून देतील."

"माणसासाठी न्हाई आले, किड्यासाठी येतेत व्हय!" बाई हसली. पण दुसऱ्या दिवसापासून ओतू लागली. त्या साली बोअरचं नाव काढलं की माणूस काहीही ऐकायचा. महादेवप्पा काही थापा मारत नव्हते, त्यांनाही ते खरंच वाटत होतं. असला माणूस थापाड्यापेक्षा महाग पडतो.

उन्हाळा सरता सरता ओल्या पाचोळ्यात नर भरपूर मिळाले. महादेवप्पांनी ते काचेवर ओळीनं मांडले. पहिल्याचा पाय काडीसारखा, दात नाही. पुढच्याचा जरा जाड, दाताच्या जागी टेंगूळ. त्यापुढच्याला टोक. शेवटी पैलवान. मिशांची पेरं, डोक्याची लांबी, अंगावरचे केस सगळ्यांचे तेच. म्हणजे जात एकच, पुस्तकातली, जुनी. नर जेवढा पोसतो तेवढा त्याचा दात मोठा होतो.

सांगायला ते वाडीवर गेले. खुंट्याला नुसती दावी होती. धुरपताबाई वडाखाली घागर कलती करून उभी.

"शेळ्या कुठायत, मावशी?"

"एक तहानंनं मेली. दुसरी खाटकाला दिली. सायेब कवा येतेत?"

"किडा... जुनाच निघाला."

तिनं घागरीत डोकावून पाहिलं. "मंग हे वतू का नको?"



पुढं त्यांनी डॉक्टरेटचा विषय बदलला; नोकरी होतीच. कलेक्टरांना काही कळलंच नव्हतं. किडे पोटभर जेवले. पाणी गेलं धुरपताबाईचं, शेळ्याही तिच्याच.