पाव फेरा फिरलेली नाणी

मिस्त्री टांकसाळीच्या जिन्यावरून वर आले तेच तावातावाने. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. ज्या फाटकातून छत्तीस वर्षं मान वर करून ये-जा केली, तिथं आज पहारेकऱ्यानं त्यांना पाहुण्यांचा पास दिला होता, आणि हा माणूस तो गळ्यात न घालता मुठीत चुरगळून घेऊन आला. कामगार पाठीमागे त्यांना भडकू म्हणायचे. उगीच म्हणत नव्हते.

पण आज भडकायला कारण होतं. त्यांच्या लेकीवर चोरीचा आळ आला होता.

लेक याच टांकसाळीत, त्यांच्याच सात नंबरच्या मशीनवर ठसे बसवायची. ठसा म्हणजे ज्याच्या दाबानं नाण्यावर चित्र उठतं तो लोखंडी गट्टू; एक वरून, एक खालून. गेल्या महिन्यात बाजारात काही विचित्र नाणी निघाली. आकडा सरळ धरून नाणं उलटलं, की मागचं चित्र उभं दिसायच्या ऐवजी आडवं पडलेलं. नाणी जमवणाऱ्या हौशी मंडळींनी ती वाट्टेल त्या किमतीला उचलली. मग कुणा दीडशहाण्यानं छापून टाकलं, की आजच्या मशीनवर अशा चुका आपोआप होतच नाहीत, आतले लोक मुद्दाम करतात आणि बाहेर वाटा खातात. झालं. वरपासून खालपर्यंत सगळ्यांना घाम फुटला, आणि खापर फोडायला लेकीचं डोकं सापडलं. मशीन तिचं, पाळी तिची. चूक मुद्दाम केली असं आज ठरलं, तर नोकरी जाणार आणि प्रकरण पोलिसांकडे जाणार.

ती चौकशीच्या खोलीबाहेर बाकावर बसली होती. वडिलांना बघून उठली.

"बाबा, आत जायच्या आधी माझं जरा ऐका."

"ऐकायचं काय त्यात? माझी पोर चोर आहे म्हणणाऱ्याचे दात घशात घालतो की नाही बघ."

"तसं नाही, बाबा. त्या दिवशी..."

"तू गप्प बस. तुझा स्वभाव मऊ, म्हणून हे डोक्यावर बसले."

सकाळी चहा पितानाही तिनं "त्या दिवशी" म्हणून सुरुवात केली होती. तेव्हा मिस्त्रींनी कप असा आदळला होता, की कान तुटून हातात आला. आत्ताही ते दार ढकलून आत गेले. ती मागोमाग गेली.

चौकशी अधिकारी मुख्य कचेरीतून आला होता. गोरागोमटा, शांत, पेनाचं टोपण सारखं उघडझाक करणारा. शेजारी लिहून घ्यायला एक कारकून बाई. कपाटाजवळ लेकीच्या विभागाचा साहेब, ज्याला मिस्त्रींनीच पाना धरायला शिकवलं होतं. आज तो त्यांच्याकडे बघायला तयार नव्हता.

"तुम्ही जाणकार म्हणून आला आहात, वडील म्हणून नाही," अधिकारी म्हणाला.

"जाणकार म्हणूनच सांगतो. तुम्ही कधी ठसा बघितलाय? हातात घेऊन?"

"त्याची गरज..."

"नाही ना बघितला. मग ऐका." मिस्त्रींच्या कानशिलावरची शीर ताठ झाली होती. "ठसा जागेवर धरायला बाजूनं एक स्क्रू असतो. मशीन मिनिटाला सहा-सातशे ठोके घालतं. स्क्रू सैल पडला, की ठसा ठोक्याठोक्यानं, डोळ्याला कळणार नाही इतका, सरकत जातो. म्हणजे पहिलं नाणं सरळ, मग जरासं तिरकं, मग आणखी तिरकं. वाढत जातं. ही झाली आपोआप झालेली चूक. आणि कुणाला मुद्दाम करायची असेल, तर तो ठसा फिरवून घट्ट आवळतो. मग सगळी नाणी एकाच मापानं आडवी. घरबसल्या अक्कल पाजळणाऱ्यांना एवढं कळत नाही, आणि तुम्ही त्यांचं ऐकून माझ्या लेकीला इथं उभं करता."

अधिकाऱ्यानं टोपण बंद केलं. "हे कसं तपासायचं? थैलीत तर सगळी नाणी एकत्र होतात."

"थैली राहू द्या. दर पंधरा मिनिटांना मशीनवरची पाच नाणी पाकिटात घालून वर वेळ लिहितात. वजन बघतात, नक्षी बघतात, चित्र किती फिरलंय तो कोन कुणाचा बाप बघत नाही. त्या दिवसाचीही पाकिटं तुमच्याच कपाटात पडली आहेत. आणा."

"बाबा, पाकिटं नकोत," लेक हळूच म्हणाली.

"घाबरतेस कशाला?" ते कारकून बाईकडे वळले. "बाई, आधी लिहून घ्या. कोन वाढत गेला तर चूक आपोआप. कोन एका जागी थांबला तर मुद्दाम. मिस्त्रींनी सांगितलं म्हणून लिहा. मी सही करतो, नंतर शब्द फिरवायला कुणाला जागा नको."

बाईंनी लिहिलं. मिस्त्रींनी झोकात सही ठोकली.

पाकिटं आली. मिस्त्रींनी टेबलावरचे कागद हातानंच बाजूला सारले आणि नाणी मांडायला घेतली. सव्वादहाची पाच. सरळ. साडेदहाची किंचित कललेली. पावणेअकराची त्याहून जास्त. अकराची आणखी.

"बघा," ते म्हणाले. आवाजात आता रागाबरोबर मजाही आली होती. "या, जवळ या. चष्मा लावून बघा. वाढतंय की नाही?"

विभागाच्या साहेबानं मान डोलावली. अधिकारीही वाकून बघू लागला. मिस्त्रींनी सव्वाअकराची पाच मांडली. पाव फेरा, पूर्ण आडवी. मग साडेअकराची.

तीही आडवी. तेवढीच.

त्यांनी ती बोटानं पुन्हा उलटून पाहिली. पावणेबाराचं पाकीट फाडलं. तेवढीच. बाराचं, सव्वाबाराचं, एकाचं. पाळी संपेपर्यंतची सगळी पाकिटं त्यांनी फाडली, आणि प्रत्येक नाण्यावरचं चित्र त्याच मापानं आडवं पडलेलं होतं.

त्यांना कळलं. छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला कळायला वेळ लागत नाही. सव्वाअकरानंतर कोऱ्या चकत्यांची पेटी बदलताना मशीन मिनिटभर थांबतं, ते थांबणं कुणी मोजत नाही, आणि तेव्हाच कुणीतरी स्क्रू आवळला होता. ठसा सरळ न करता, होता तिथंच.

"त्या दिवशी मशीन बंद पडून आधीच दोन थांबे झाले होते?" त्यांनी लेकीकडे न बघता विचारलं.

"हो. सकाळीच. ठसा सरळ करायचा तर मशीन उघडायचं, पाऊण तास गेला असता. तो तिसरा थांबा धरला असता." ती खाली बघून बोलत होती. "तिसऱ्या थांब्याला लेखी खुलासा, आणि मशीन काढून घेतात. मी आवळून टाकला. म्हटलं, कोण बघतंय."

मिस्त्रींच्या अंगाचा तिळपापड झाला. ते विभागाच्या साहेबाकडे वळले. "तीन थांब्यांचा नियम कुणी आणला? अरे, मशीन आहे ते. थांबणारच. थांबलं की माणसाला शिक्षा करता, मग माणूस दुसरं काय करणार?"

"म्हणजे ठसा फिरलाय हे यांना माहीत होतं," अधिकारी लेकीकडे बघत म्हणाला.

"माहीत होतं, पण तिनं एक नाणं बाहेर नेलेलं नाही. विकायला नाही केलं तिनं. मशीन चालू ठेवायला केलं."

"ते पोलीस बघतील. मला एवढंच ठरवायचं होतं, चूक आपोआप की मुद्दाम." त्यानं कारकून बाईंच्या हातातला कागद आपल्याकडे ओढला आणि वाचला. "कोन एका जागी थांबला तर मुद्दाम. ही सही तुमचीच ना?"

"अहो, पण ते वेगळं. हे तसलं मुद्दाम नाही."

"तसलं म्हणजे कसलं?"

मिस्त्रींनी टेबलावरचं शेवटचं नाणं पुन्हा उलटून पाहिलं. अधिकाऱ्यानं कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि जबाबाची स्वच्छ प्रत करायला बाईंना बाजूच्या खोलीत पाठवलं. तेवढा वेळ या दोघांना बाहेर बसायला सांगितलं.

बाहेर बाकावर बसल्या बसल्या मिस्त्री उसळले. "मूर्ख मुली, मला आधी का नाही सांगितलंस?"

लेकीनं त्यांच्याकडे बघितलं. तिला राग आलेला नव्हता, आणि तेच त्यांना सहन होईना.

"सांगत होते, बाबा. सकाळी, इथं बाकापाशी, आणि आत पाकिटं नकोत म्हटलं तेव्हाही. तुम्हाला माझ्यासाठी भांडायचं होतं. काय झालं ते तुम्ही एकदाही विचारलं नाहीत."

बाईंनी दारातून हाक मारली. जबाबावर सही करायला लेक उठून आत गेली.