मीटरवर न दिसणारे किलोमीटर

मित्रांनो, मी एक जुनी चारचाकी आहे, पण मागच्या महिन्यात चार दिवस मी तरुण होते. त्या चार दिवसांची मला अजून लाज वाटते.

सुरतमध्ये कतारगामच्या एका हिऱ्याच्या कारखान्याच्या मालकाने मला नवीकोरी विकत घेतली. मी त्याच्या नावावर होते, पण खरी होते रघुनाथची. रघुनाथ त्याचा ड्रायव्हर, परभणीकडचा, बारीक अंगाचा माणूस. महिन्यातून तीनदा आम्ही मुंबईला जायचो. मला सुरू केल्यावर तो लगेच निघत नसे. इंजिन जरा गरम होऊ दे म्हणायचा आणि तोवर काच पुसायचा. मालक कुणाला सांगायचा, "गाडी दोन लाखांच्या वर चाललीय, पण रस्त्यात एकदाही उभी राहिली नाही." तेव्हा रघुनाथ मीटरकडे बघायचा. तो आकडा आम्हा दोघांचा होता.

दहा वर्षांनी त्याची नजर अधू झाली आणि तो गावी निघाला. जाताना मालकाला म्हणाला, "शेठ, पुढच्या ब्रेकचा पाईप चिरत चाललाय. तेवढा बदलून घ्या." शेठने मान हलवली आणि दुसऱ्या महिन्यात नवी गाडी आणली. मी वर्षभर कारखान्याच्या भिंतीशी धूळ खात उभी राहिले. पाईप तसाच राहिला.

मग मला कामरेजच्या शालिग्रामने उचललं. हायवेला लागून त्याचं जुन्या गाड्या विकायचं आवार आहे. त्याने मला धुतलं, पॉलिश केलं, पायाखाली नवीन मॅट टाकलं. एका दुपारी एक माणूस लॅपटॉप घेऊन आला, त्याने माझ्या डॅशबोर्डखाली एक वायर जोडली आणि चहा पिऊन होईपर्यंत माझे किलोमीटर पुसून टाकले. दोन लाख सोळा हजारांचे अठ्ठेचाळीस हजार झाले.

खरं सांगते, पहिल्या दिवशी मला बरं वाटलं. येणारे जाणारे म्हणायचे, वा, काय ठेवलीय गाडी! म्हातारीला कुणी मुलगी म्हटलं तर ती नको कशाला म्हणेल? माझा ब्रेकचा पाईप मी विसरूनच गेले होते.

चौथ्या दिवशी सकाळी सुरतच्या पांडेसऱ्याहून निंबा गाडी बघायला आला. तो कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये कामाला आहे. सोबत बायको कलाबाई आणि मुलगा धर्मेंद्र. हे लोक मूळचे खानदेशातले, आणि शालिग्रामही अमळनेरकडचा. दोघांची गावं निघाली, पाहुणे निघाले, चहा आला. निंबाने मिस्त्री आणला नव्हता. त्याने विचारलं एवढंच, "गाडी चांगली शे ना, भाऊ?"

"निंबा भाऊ, तुमना गाववाला शे मी," शालिग्राम म्हणाला. "मी तुमले फसाडसू का?"

निंबाला तेवढं पुरलं.

मग त्यांच्या बोलण्यातून मला कळलं की ते मला कुठे नेणार आहेत. त्यांची मुलगी योगिता साक्रीला दिली होती. तिला सातवा महिना लागला होता, पहिलं बाळंतपण, माहेरी आणायचं होतं. डॉक्टरांनी बसचे हादरे नकोत म्हणून सांगितलं होतं. आज इथेच पूजा करायची, तसंच साक्रीला जायचं आणि उद्या सकाळी तिला घेऊन परत यायचं, असं ठरलं होतं. साक्रीहून सुरतेला येताना कोंडाईबारीचा घाट लागतो, आणि तो सगळा उतार आहे.

मित्रांनो, तेव्हा मला माझा पाईप आठवला. सपाट रस्त्यावर तो टिकणार होता. पण उतारावर पुन्हा पुन्हा ब्रेक दाबला की तो फुटणार होता, हे मला रघुनाथइतकंच ठाऊक होतं. आणि अठ्ठेचाळीस हजार चाललेल्या गाडीचे ब्रेक उघडून कोण बघतो?

धर्मेंद्र मला चालवून बघायला घेऊन गेला. मी म्हटलं, दाब रे बाबा, जोरात दाब, एकदा तरी फुटू दे इथेच! पण पोरगा हात राखून चालवणारा. चौकापर्यंत गेला, एसी लावला, गाणं लावलं, परत आला. "एकदम मक्खन है, पप्पा," म्हणाला. आमच्यासारख्यांना तोंड नसतं, याचं एवढं दुःख मला आयुष्यात झालं नव्हतं.

चाकांखाली लिंबं ठेवली गेली. नारळ तयार होता. कलाबाईच्या हातात हळदीकुंकवाचं ताट होतं, पण ती थांबली.

"आतमा पुसी लेस, मग पूजा," ती म्हणाली.

"अहो वहिनी, पॉलिश मारेल शे," शालिग्राम घाईने पुढे झाला. "काय गरज?"

"मम्मी, छोड ना," धर्मेंद्र म्हणाला. "ताई कधीची वाट बघतेय."

पण न पुसलेल्या जागी हळद लावणारी ती बाई नव्हती. तिने ओला फडका घेतला, दार उघडलं, नवीन मॅट उचललं, आणि तिचा हात थबकला.

ब्रेकच्या खाली, जिथे ड्रायव्हरची टाच टेकते, तिथे गालिचा झिजून संपला होता. खालचा पत्रा उघडा पडून गुळगुळीत झाला होता आणि त्यात टाचेएवढा खड्डा होता. तो रघुनाथचा खड्डा. शालिग्रामने सगळं झाकलं, तसा तोही झाकला होता.

कलाबाईने त्या खड्ड्यावरून बोट फिरवलं. पांडेसऱ्याच्या खोलीत ती एकोणीस वर्षं पायाच्या मशीनवर साड्यांना लेस लावत आली होती. टाच लोखंडाला काय करते आणि किती वर्षांनी करते, हे तिला कुठल्याही मीटरपेक्षा नीट कळत होतं.

"शालिग्राम भाऊ," ती उठून म्हणाली, "मना मशीनना पायडलले असा खड्डा पडाले दहा वरीस लागनात. हाई गाडी कितली चालनी?"

"मागला मालकना पाय जड व्हता, वहिनी. मीटर देखा ना तुमी."

धर्मेंद्रने घड्याळ बघितलं. निंबा आधी बायकोकडे आणि मग आपल्या गाववाल्याकडे बघत राहिला.

कलाबाईने ताट पुढे केलं. "मनी पोर बठनार शे यामा, पोटुशी पोर. ह्या हळदवर हात ठेव आनि सांग, अठ्ठेचाळीसच शे."

शालिग्रामने हात वर केला. तो ताटापर्यंत आला आणि तिथेच थांबला. मग त्याने तो खाली घेतला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "दोन लाख सोळा हजार."

निंबा शिव्या देईल असं मला वाटलं होतं. तो फक्त म्हणाला, "गाववाला म्हणीसन मी मिस्त्री नही आना, भाऊ." शालिग्रामला शिवी परवडली असती.

धर्मेंद्रने आपल्या ओळखीचा मिस्त्री सुकदेव याला बोलावलं. त्याने पुढची चाकं काढली आणि पाईप वाकवून सगळ्यांना चीर दाखवली. "घाटात गेला असता हा," तो म्हणाला. मग बॉनेट उघडून बराच वेळ इंजिन ऐकत राहिला. "इंजिन मात्र एका हाताचं आहे. कुणीतरी जीव लावून चालवलंय. ब्रेकचं सगळं नवीन टाका, मग न्या बिनधास्त."

शालिग्रामने सगळं पदरचं बदलून दिलं. निघायला दोन दिवस उशीर झाला. त्या दोन दिवसांत योगिताचे फोन येत होते आणि कलाबाई तिला दर वेळी सांगत होती, "येस व माय, येस."

परतीच्या वाटेवर, कोंडाईबारीच्या वळणावर, पुढचा ट्रक अचानक थांबला. मागे योगिता पोटावर हात ठेवून बसली होती. धर्मेंद्रने सगळा भार देऊन ब्रेक दाबला. मी थांबले, मित्रांनो. ट्रकच्या मागे हातभर जागा उरली. कलाबाईने डॅशबोर्डवर हात टेकवला आणि तो घाट उतरेपर्यंत काढला नाही.

आता माझ्या मीटरखाली कागदाची एक पट्टी चिकटवलेली आहे. त्यावर कलाबाईने स्वतःच्या हाताने लिहिलंय, २,१६,०००. मित्रांनो, जुनी वस्तू घ्यायला लाजू नका. पण तिला तिचं वय विचारा, तिला चालवणाऱ्या माणसांबद्दल विचारा, आणि मग तिची त्या वयाला शोभेल अशी काळजी घ्या. आमची वर्षं पुसली, तर आमची दुखणीही कुणाला दिसत नाहीत.

मॅट धर्मेंद्रने परत टाकलं नाही. मला चालवताना त्याची टाच रघुनाथच्या खड्ड्यात बसते. आताशा निघण्याआधी तोही थोडं थांबतो, इंजिन गरम होऊ देतो आणि तोवर काच पुसतो.