डावरीचा चाकू

रोपवाटिकेत तिला सगळे डावरी म्हणत. नऊ वर्षं म्हणत होते, आणि नऊ वर्षांत एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नव्हता. पण ते पुढे येईलच.

डावरीचं काम पट्टी बांधायचं. गुलाबाचं कलम दोघं मिळून करतात. कलमवाला पुढे. तो चांगल्या जातीच्या काडीवरचा डोळा, म्हणजे न फुटलेला कोंब, सालीसकट चाकूने उतरवतो, रानगुलाबाच्या खुंटाला चीर पाडतो, तिच्यात डोळा बसवतो आणि पुढे सरकतो. मागून वाकत वाकत एक बाई येते आणि तो डोळा पट्टीने आवळून बांधते. कलम जगलं तर कलमवाल्याचा हात चांगला. मेलं तर पट्टी सैल. हे ऐकून ऐकून डावरीचे कान किटले होते.

तिला चाकू हवा होता. दुसरं काही नको होतं.

कलमवाला व्हायचे नियम वस्तादांनी घालून दिले होते. आपला स्वतःचा चाकू आणायचा. घडीचा, साधा, पातं पाठीच्या स्प्रिंगच्या जोरावर उघडं राहतं आणि त्याच जोरावर मिटतं, तसला. वस्तादांसमोर तो उघडायचा, वीस डोळे भरायचे आणि तीन आठवडे थांबायचं. पंधरा जगले तर कलमवाला झालात. नाही तर आणखी एक संधी. तिसरी नाही. शिवाय एक नियम सगळ्यांच्या वरचा: दुसऱ्याच्या चाकूला हात लावायचा नाही. "चाकू आणि दात घासायचा ब्रश ज्याचा त्याचा," वस्ताद म्हणत, आणि पन्नास वर्षांत त्यांनी स्वतःही तो नियम मोडला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी डावरीने हाती लागला तो एक स्वस्त चाकू आणून पहिली संधी घेतली. विसातले चार जगले. "चाकू सटकतो हो," ती म्हणाली, तर मागून कुणीतरी म्हणालं, "नाचता येईना, अंगण वाकडं." सगळे हसले. तीही हसली, आणि घरी जाऊन भांडी घासताना रडली. वस्ताद मात्र हसले नव्हते. "काही हात झाडाला लागत नाहीत," ते हळूच म्हणाले होते. "माझ्या मुलीचाही नाही लागला. तिने दुसरं काम घेतलंच ना." वस्तादांची मुलगी शेडमधल्या टेबलाशी बसून रोपांच्या नावाच्या चिठ्ठ्या लिहायची. तिने मान वर केली नव्हती.

आता हंगाम संपला की वस्ताद काम सोडणार होते, आणि त्यांच्याबरोबर डावरीची उरलेली संधीही जाणार होती. म्हणून सुट्टीच्या दिवशी सकाळी सकाळीच ती सासूबाईंना घेऊन बाजारात निघाली. पायाला भिंगरी लागली होती. सासूबाई मागून धापा टाकत येत होत्या.

"अगं, चाकूच घ्यायचाय ना? मुलगा पाहायला निघाल्यासारखी काय धावतेस?"

"मुलगा पाहायला इतका वेळ नाही लागत, आई. तुमचा तर मी दहा मिनिटांत पसंत केला होता."

"म्हणूनच म्हणते, या वेळी नीट बघ."

कात्र्या-चाकूंचं दुकान बोळाच्या टोकाला होतं. आत तेलाचा आणि घासलेल्या लोखंडाचा वास. काउंटरमागे जाड चष्म्याचे आजोबा एका कात्रीचा खिळा ठोकत बसले होते. कलमाचा चाकू म्हटल्यावर त्यांनी हिरव्या कापडाचा एक ट्रे काढून समोर ठेवला. चौदा चाकू होते, सगळे मिटलेले. 

नऊ वर्षं इतरांच्या हातातले चाकू दुरून पाहून तिला एकेक गोष्ट पाठ झाली होती. पहिला उचलला, तो इतका घट्ट की नख उचकटायचं. दुसऱ्याचं पातं मुठीत किंचित डुलत होतं. तिसरा तिने मिटून दाराच्या उजेडात धरला, तर पातं आणि स्प्रिंग यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली. तिने तो परत ठेवला. आजोबांनी हातोडी खाली ठेवली आणि चष्मा पुसून ते तिच्याकडे बघायला लागले. असं गिऱ्हाईक रोज येत नाही.

चौथ्याची मूठ हाडाची होती, पिवळसर, अंगठ्याखाली गुळगुळीत. डावरीला तो पाहताक्षणी आवडला. तिने तो उघडला.

"थांबा," आजोबा म्हणाले. "परत उघडा."

तिने मिटून परत उघडला.

"ताई, तुम्ही डाव्या हाताने कापता?"

"हो. का?"

"मग हा काय कामाचा? हा ठेवा. हे सगळेच ठेवा."

डावरीचा चेहरा पडला. इथेही तेच, तिला वाटलं. पण आजोबांनी हाडाच्या मुठीचा चाकू तिच्या डोळ्यांसमोर आडवा धरला. "कलमाच्या चाकूला धार एकाच बाजूने असते. ही बाजू उतरती, ही सपाट. सपाट बाजू काडीला टेकली की काप सरळ येतो. उजव्या हातात ती टेकते. तुमच्या हातात उतरती बाजू आत जाते. मग पातं सटकतं आणि काप खोलगट होतो. खोलगट कापाचा डोळा खुंटाला चिकटणार कसा?"

 दोन वर्षं, सोळा मेलेले डोळे, भांडी घासतानाचं ते रडू, सगळं डावरीला एकदम आठवलं. मग तिला हसू फुटलं. अंगण खरंच वाकडं होतं तर.

"म्हणजे तिचा हात चांगला आहे?" सासूबाईंनी विचारलं.

"हाताचं मला काय ठाऊक? चाकूचं सांगतोय."

आजोबा आतल्या खोलीत गेले. खण ओढल्याचे आवाज आले, काहीतरी पडलं, आजोबा स्वतःशीच पुटपुटले. बाहेर आले तेव्हा हातात तेलकट कापडाची पुरचुंडी होती. आत काळसर लाकडाच्या मुठीचा चाकू. दिसायला अगदी साधा.

"माझा धाकटा भाऊ डावखुरा होता. कामात तरबेज, पण भान नसायचं. एकदा तंद्रीत हा स्वतःच्या हाताचाच करून बसला. धार उलट, नखाची खाचही उलट. केवढा ओरडलो होतो मी त्याला." त्यांनी मुठीवरचं तेल पुसलं. "तो जाऊन सहा वर्षं झाली. त्यानंतर ज्याने हा उघडला, त्याने परत ठेवला."

डावरीने नख खाचेत घातलं. आयुष्यात पहिल्यांदा खाच तिला शोधावी लागली नाही. पातं अर्ध्यावर आलं, टक करून थांबलं, आणि पुढे टक करून पूर्ण उघडलं. मिटतानाही दोन टक. पातं कुठे डुलत नव्हतं. उजेडात धरला, तर रेघ नाही. आजोबांनी दाराबाहेरच्या झाडाची एक ओली काडी तोडून दिली. तिने काप घेतला. काप आरशासारखा सपाट आला.

"हाच," ती म्हणाली, आणि घासाघीस न करता घेतला. सासूबाईंनाही आश्चर्य वाटलं, कारण घासाघीस हा त्यांच्या घराण्याचा धर्म होता.

त्या दुपारी सासूबाईंनी डावरीच्या कामाच्या कपड्यांना कमरेच्या डाव्या बाजूला जाड कापडाचा खिसा शिवला. बोटभर खोल जास्त, म्हणजे वाकलं तरी चाकू बाहेर पडू नये. रस्त्याने जाताना डावरीचा हात सारखा खिशावर जायचा. आहे ना? आहे. चार पावलं गेली की परत. घरी तर टक-टक, टक-टक चालूच. एकदा मिटताना बोट आत राहिलं आणि चांगलंच कापलं, तेव्हा तिला कळलं की या चाकूला कुलूप नाही, अक्कल आपणच वापरायची.

"पुरे आता," सासूबाई म्हणाल्या. "त्यालाही जरा झोपू दे."

वस्तादांपुढे उभं राहिल्यावर तिने चाकूबद्दल चकार शब्द काढला नाही. काढला असता तर परत अंगणाची म्हण ऐकावी लागली असती. चाकूचा आवाज ऐकायला वस्तादांनी रिवाजाप्रमाणे डोळे मिटले. तिने चाकू उघडला, मिटला.

"उघडताना दोन, मिटताना दोन," ते म्हणाले. "बोलतो चांगला. कर सुरू."

वीस डोळे. पहिला तिने जपून उतरवला. तिसऱ्यापर्यंत तिला वस्तादांचाही विसर पडला. पातं काडीवरून सरळ जात होतं, साल सुटत होती, डोळा चिरेत अलगद बसत होता. असा आनंद तिला लहानपणी पहिल्यांदा पोहायला आलं तेव्हा झाला होता. प्रत्येक डोळ्यापाशी पानाच्या देठाचा छोटा तुकडा ठेवायचा असतो, तो ठेवला. पट्टीही तिने स्वतःच बांधली. नऊ वर्षांची सवय. वस्तादांच्या मुलीने येऊन चिठ्ठ्या लावल्या. तिच्या डाव्या करंगळीच्या कडेला नेहमीसारखी शाई फासलेली होती. "छान झालंय," ती एवढंच म्हणाली.

मग तीन आठवडे. डावरीचा जीव टांगणीला. खिशातल्या चाकूवर हात ठेवून ती दुसऱ्यांच्या कलमांना पट्ट्या बांधत राहिली.

कलम लागलं की नाही हे देठ सांगतो. बोट लावताच देठ गळून पडला तर डोळा जिवंत. सुकून चिकटून राहिला तर मेला. एकविसाव्या दिवशी वस्ताद आले, मागे सगळे कलमवाले. वस्तादांनी पहिल्या देठाला बोट लावलं. पडला. दुसरा पडला. तिसरा पडला. चौथा चिकटून होता, आणि डावरीचा हात खिशातल्या चाकूवर गेला. पाचवा पडला. नंतर पडतच गेले. विसातले एकोणीस. अंगणाची म्हण म्हणणारा आपल्या बुटांकडे बघत होता.

"दोन वर्षांपूर्वी चार," वस्ताद म्हणाले. "हात तोच ना?"

"हात तोच, वस्ताद. चाकू डाव्या हाताचा आहे." आणि तिने एका दमात सगळं सांगितलं. उतरती बाजू, सपाट बाजू, आजोबांचा भाऊ.

वस्तादांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी हात पुढे केला. "दे."

कलमवाले एकमेकांकडे बघायला लागले. वस्ताद दुसऱ्याचा चाकू मागत होते. डावरीने तो मिटून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांचं नख खाच शोधत राहिलं, मिळेना. कसाबसा उघडला. त्यांनी एक काडी घेतली आणि उजव्या हाताने डोळा उतरवायला गेले. पातं सटकलं. दुसऱ्यांदा काप खोलगट आला. तिसऱ्या वेळी डोळाच फाटला. तो फाटका डोळा त्यांनी तळहातावर उलटसुलट करून पाहिला.

"कुणी कुणाचा चाकू हातात घेतला असता," ते म्हणाले, "तर पहिल्याच दिवशी कळलं असतं."

त्यांनी चाकू मिटून परत दिला. मग ते शेडकडे बघायला लागले, चिठ्ठ्यांच्या टेबलाकडे.

"ते दुकान कुठे आहे म्हणालीस? आणखी एक मिळेल तसला?"

"आजोबा करून देतील. पण निवडायचा ज्याचा त्याने असतो, वस्ताद. तिलाच घेऊन जा."

टेबलाशी बसलेली त्यांची मुलगी चिठ्ठ्या तशाच टाकून केव्हाच उठली होती, आणि शाईचा डावा हात कपड्यांना पुसत होती.