कोरडी भिंत

तिसऱ्या मजल्यावरच्या, एकमेकींना लागून असलेल्या दोन खोल्यांतील दोन कुटुंबांनी सरकारी स्वस्त भाड्याच्या घरासाठी एकाच सकाळी, एकाच खिडकीवर अर्ज दिले. दोन्ही खोल्यांचे माप सारखे होते, दोहोंमधली भिंत एकच होती आणि त्या भिंतीच्या पोटातून जाणारा गळका पाइपही एकच होता. दोन्हीकडे माणसे चार-चार. पहिल्या कुटुंबाला तिसऱ्या वर्षी तळमजल्यावरचे घर मिळाले. दुसऱ्याचा प्रतीक्षा क्रमांक पहिल्या वर्षी पंच्याहत्तर होता. नवव्या वर्षी तो दोनशे दहा झाला.

दुसरे कुटुंब आमचे.

आईच्या मते यात कोडे असे काही नव्हतेच. पहिले कुटुंब एका बसड्रायव्हरचे. त्याने खोली बघायला आलेल्या तपासनिसाच्या हातावर काहीतरी ठेवले असणार, हा तिचा निष्कर्ष त्यांचे सामान जिन्यावरून खाली जात असतानाच पक्का झाला होता. ड्रायव्हरकाकूंशी तिची बारा वर्षांची मैत्री होती. एकीच्या घरातली साखर संपली की दुसरीचा डबा उघडायचा, इतकी. त्या दिवसापासून आईने त्यांचे नावही टाकले.

मी दुसऱ्या शहरात, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. माणसांच्या सचोटीवर मी पुराव्याशिवाय विश्वास ठेवत नाही. पण त्यांच्या लबाडीवरही ठेवत नाही. त्यामुळे बरीच वर्षे मी या प्रश्नाकडे केवळ उत्तर न मिळालेला प्रश्न म्हणून पाहिले. बाबांचे जिना उतरणे बंद झाले, तेव्हा तसे पाहणे परवडेनासे झाले.

बाबा शिंपी होते. कापडाचे तंतू आणि ती ओली भिंत यांनी त्यांच्या फुप्फुसांची वाट लावली होती. कोणाचा वाटा किती, ते डॉक्टरांनाही सांगता आले नाही. दिवसातले बरेच तास ते ऑक्सिजनच्या यंत्राला जोडलेले असत. दवाखान्यात न्यायचे तर खालच्या मजल्यावरची दोन मुले त्यांना खुर्चीसकट उचलून उतरवत.

"तळमजला मिळाला तर काय कराल?" मी एकदा विचारले.

"बाहेर जाईन," ते म्हणाले. "कुणाला हाक न मारता. एवढंच. बाकी राजवाडा तुम्ही घ्या."

रजा काढून मी आधी कार्यालयात गेले. खिडकीमागच्या बाई एका हाताने शिक्के मारत होत्या.

"रांगेतला माणूस पुढे सरकतो," मी म्हटले. "आम्ही मागे कसे सरकलो?"

"रांग कुठे आहे, ताई? रांग असती तर मी सुटले असते. इथे गुण असतात. खोली किती खराब, तिच्यात माणसं किती, आजारी कोण, जिने किती चढायचे. दरवर्षी तपासनीस येऊन बघतो आणि गुण लावतो. ज्याचे हाल जास्त, तो वर. काल अर्ज केलेला माणूससुद्धा उद्या तुमच्या डोक्यावरून पुढे जाईल."

"आणि आमचे गुण?"

त्यांनी पडद्यावर पाहिले. "फार कमी आहेत. चांगलं चाललंय की तुमचं!"

हे त्यांनी अभिनंदनाच्या सुरात सांगितले.

आता दोन शक्यता उरल्या. एक, तपासनीस लाच खात होता. दोन, तो तीन मजले चढण्याचा कंटाळा करून खालूनच गुण लावत होता. दोन्ही तपासण्याचा मार्ग एकच: तो येईल तेव्हा घरात असणे. आजवर मी कधीच नव्हते. आई फोनवर सांगायची तेही नंतर, "येऊन गेला हं. चांगला माणूस होता. चहा घेऊन गेला."

या वेळी तपासणीच्या आदल्या संध्याकाळी मी घरी पोहोचले. सोबत ओल मोजण्याचे यंत्र होते. मुठीएवढी डबी, पुढे दोन सुया. सुया भिंतीत टोचल्या तेव्हा काटा पार शेवटच्या खुणेला जाऊन टेकला. भिंतीवर कमरेएवढ्या उंचीपर्यंत काळी बुरशी होती.

"उद्या मी थांबणार," मी म्हटले.

"कशाला?" आई म्हणाली. "तुझी इथे उगाच गर्दी. तुझ्या धाकट्या बहिणीलाही मी लवकर दुकानात कामाला जायला सांगितलंय."

"तुझ्या आईला सगळ्यांचीच गर्दी होते," बाबा नळीतून श्वास घेत म्हणाले. "माझीही."

सकाळी मला जाग आली ती भाजलेल्या चुन्याच्या वासाने. आईने आयुष्यभर एका रुग्णालयाच्या धुलाईघरात इस्त्री केली आहे. ती भिंतीसमोर गुडघ्यांवर बसली होती. बुरशी ब्लीचने घासून काढलेली होती. भिंतीवर चौपदरी चादर धरून तिच्यावरून ती इस्त्री फिरवत होती, खालून वर, एकेक हात जागा, सावकाश. चादरीतून वाफ निघत होती.

"आई, हे काय चाललंय?"

"माणूस येतोय घरी."

"तो ओल बघायला येतो."

"मग बघू दे की. आहे का कुठे?"

त्यानंतर तिने जे केले त्यात नऊ वर्षांचा सराव दिसत होता. धाकटीची गादी गुंडाळून गच्चीवर गेली. जुने कपाट उरलेल्या डागासमोर सरकले. औषधे पिठाच्या डब्यामागे गेली. ऑक्सिजनचे यंत्र खाटेखाली गेले आणि त्यावर पलंगपोस जमिनीपर्यंत सोडला गेला. मग ती बाबांकडे वळली. बाबा उठले. गच्चीकडे जाणाऱ्या अर्ध्या जिन्यावर एक स्टूल ठेवलेले होते. ते माझ्या खांद्याचा आधार घेत तिकडे निघाले.

"दरवर्षी?" मी विचारले.

"दरवर्षी बढती," ते धापा टाकत म्हणाले. "तिसऱ्यावरून साडेतिसऱ्यावर."

"तुम्ही तिला सांगत का नाही?"

"तासाभराचा तर प्रश्न असतो. तिला त्यात बरं वाटतं. आणि तुझ्या आईला सांगून बघ तू, शास्त्रज्ञबाई."

तपासनीस आला. तीन मजले चढून आला होता, घामाघूम झाला होता. म्हणजे माझी दुसरी शक्यता दारातच निकालात निघाली. त्याने चपला बाहेर काढल्या. खोलीच्या मधोमध उभा राहून त्याने सावकाश चारी बाजूंना पाहिले, मग भिंतीवर तळवा टेकवला.

"कोरडी," तो म्हणाला आणि लिहिले. "राहता किती जण?"

"आम्ही दोघं. मुली आपापल्या कामाला."

"आजारपण?"

"वयाचं असतं तेवढंच."

"काकू, खरं सांगू? आख्ख्या आठवड्यात मी असं घर पाहिलं नाही."

आईच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मी तिच्या चेहऱ्यावर क्वचितच पाहिले आहे. ती चहा टाकायला वळली. मी विचार केला तो फार तर दोन श्वासांपुरता. आणि ते श्वास बाबांचे होते, जिन्यावरून ऐकू येत होते.

"भिंतीला परत हात लावा," मी म्हटले. "थोडा वेळ ठेवा."

त्याने हात ठेवला. "गरम कशी लागतेय?"

"इस्त्री केलीये."

तो हसला. मग त्याचे लक्ष आईकडे गेले आणि तो हसायचा थांबला. मी यंत्राच्या सुया भिंतीत खोल टोचल्या. वरचा पापुद्रा तेवढा वाळला होता, काटा कालच्याच खुणेला गेला. मी पलंगपोस वर केला, कपाट बाजूला ओढले आणि बाबांना आणायला गेले. त्यांना उतरवताना दुसरा खांदा तपासनिसाने दिला. लाच खाणाऱ्या माणसानेही तो दिला असता, हे मला मान्य आहे. पण त्याने चहासुद्धा अर्धाच घेतला.

"हे आधी कधी सांगितलंच नाही," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "पण नवे गुण आजपासून धरले जातील. गेल्या वर्षांचे मागे जाऊन देता येत नाहीत."

आई त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. "परक्या माणसासमोर," एवढेच म्हणाली, तेही इस्त्रीची वायर गुंडाळताना, वायरला उद्देशून.

आमचा क्रमांक दोनशे दहावरून नऊवर आला. हिवाळ्याच्या तोंडावर तळमजल्यावरचे घर मिळाले. पहिल्याच आठवड्यात एका दुपारी बाबा उठले, दार उघडले आणि बाहेरच्या खुर्चीवर जाऊन बसले. घर लावायला आलेली मी आणि आई आत होतो, कोणालाच कळले नाही. त्यांना तेच हवे होते. असे ते मोजक्याच वेळा बसले. थंडी संपण्याआधी ते गेले. काकूंबरोबरच आम्हाला हे घर मिळाले असते तर बाबांची फुप्फुसे किती टिकली असती, हे सांगता येणार नाही. तुलनेसाठी दुसरे बाबा नाहीत.

ड्रायव्हरकाकू त्याच वसाहतीत, दोन इमारती पलीकडे राहत होत्या. त्या आपणहून भेटायला आल्या. आईने त्यांना बसायला सांगितले, पाणी दिले आणि म्हणाली, "एक विचारू? तेव्हा तुम्ही त्या तपासनिसाला काय दिलंत?"

"तुम्ही? मी कधीपासून तुम्ही झाले गं?" काकू म्हणाल्या. "आणि त्याला काय देणार? शिव्या दिल्या असतील. पोरं एकमेकांच्या झिंज्या उपटत होती, बादली पालथी झालेली, भिंतीवर ही बुरशी. तो म्हणतो, बसू कुठे? मी म्हटलं, जागा सापडली तर मलाही दाखवा, मीही सकाळपासून उभी आहे."

"मी तुला म्हटलं होतं, जरा आवरून ठेव."

"म्हटलं होतंस. मला कुठे जमतंय? तू माझंही आवरायला येणार होतीस. मीच नको म्हटलं, लाज वाटली."

आईने हातातला पेला खाली ठेवला. काकू उठून तिच्या शेजारी जाऊन बसल्या. मग आईने ते सांगितले, जे मी विचारूनही तिने कधी सांगितले नव्हते.

"लग्नानंतर पाच खोल्या बदलल्या आम्ही. प्रत्येक वेळी नवा घरमालक आधी आमची जुनी खोली बघायला यायचा. माणसं कशी आहेत, किती आहेत, कुणी आजारी तर नाही ना, भिंती काळ्या करतात का. आम्हाला ‘नाही’ असं कुणीच म्हटलं नाही. मला वाटलं, हेही तसंच. घर कुणाच्या हातात द्यायचं, ते बघायला येतात."

कारण ते होते. तपासनीस खोली किती वाईट आहे ते पाहायला येत होता आणि आईची समजूत होती की तो माणसे किती चांगली आहेत ते पाहायला येतो. दरवर्षी तिने ओल वाळवली, माणसे कमी केली, आजार खाटेखाली ठेवला आणि दरवर्षी त्याने जे दिसले ते बिनचूक लिहिले. लाच कोणी दिली नव्हती, कोणी घेतलीही नव्हती. काकूंना घर मिळाले, कारण त्यांना आवरायला जमले नाही. आम्हाला उशिरा मिळाले, कारण आईला जमले.