चार वाजताची रेघ

सकाळचा उजेड या दालनात एकदम येत नाही. आधी तो वरच्या झडपेच्या काचेवर नुसता राखाडी होऊन थांबतो, जणू आत कोणी जागे आहे का याचा अंदाज घेतो. मग त्याची एक बारीक पट्टी छताखालच्या भिंतीवर उमटते. ती इतक्या सावकाश खाली उतरते की तिच्याकडे पाहत असताना ती हलते आहे हे कळत नाही; नजर दुसरीकडे नेऊन परत आणावी, तर ती बोटभर खाली आलेली असते. भिंतीवरून ती पहिल्या कपाटाच्या कडेवर येते आणि तिथले लाकूड क्षणभर मधाच्या रंगाचे होते. मग काच. मग काचेआडचा दगडी मासा. त्याचे खवले शेपटीकडून डोक्याकडे एकेक करून उजळतात. शेवटी फरशी. तिथे पोहोचेपर्यंत त्या उजेडातले सोने संपलेले असते आणि उरतो तो साधा, रोजचा, कामाचा उजेड, ज्यात धूळ दिसते. माझा मात्र त्याच्यावरही विश्वास नाही. इतकी वर्षे न चुकता त्याच वाटेने, पाऊल न वाजवता येणाऱ्याच्या मनात काहीतरी असणारच.

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे. दांडा धरून डोळ्यांपुढे नाचवायचे असते तसले नव्हे. काचेचा चेंडू मधोमध कापला आहे अशी कल्पना करा: वर घुमट, खाली सपाट पोट आणि भोवती पितळी कडे. मला थेट वस्तूवर ठेवायचे आणि वरून वाकून पाहायचे. पोटाखाली जे येईल ते मी मोठे करून दाखवतो. राईचा पर्वत करणे हे तुमच्यात दूषण समजतात. माझी ती नोकरीच होती. अशा नोकरीत स्वभाव संशयी होतो, त्याला माझा इलाज नाही.

भट्टीतून निघालो तेव्हा मी धुरकट होतो. घासणाऱ्या कारागिराने आठ दिवस मला ओल्या भुकटीवर फिरवले, मग आकाशाकडे धरून एक डोळा मिटला आणि "यात काही नाही," असे समाधानाने म्हटले. काचेला याहून मोठी शाबासकी नसते. ती मी उराशी धरून बसलो.

मला विकत घेतले ते दातांच्या एका डॉक्टरांनी. दातांसाठी नव्हे, त्यांना दगडांचा नाद होता. सुट्टी मिळाली की ते नदीकाठ, खाणी आणि रस्त्यासाठी कापलेल्या टेकड्या पालथ्या घालत आणि पिशवी भरून आणत. दगड झालेले शंख, मासे, पानांचे ठसे. नांगराला लागलेली गारगोटीची हत्यारे, मातीचे मणी, आणि एक खापर, ज्यावर ते घडवणाऱ्या कोणा फार जुन्या माणसाच्या बोटाचा ठसा तसाच राहिला होता. दवाखान्याच्या पुढच्या दोन खोल्यांत त्यांनी हे सारे मांडले आणि रविवारी सकाळी दार सताड उघडे ठेवू लागले. कोणीही यावे. ठणकती दाढ घेऊन आलेला माणूसही माशासमोर उभा राही आणि आपली पाळी विसरे. जमिनीतून जे मिळाले ते सगळ्यांचे, आपण फक्त वाकलो, असे डॉक्टर म्हणत. मी मात्र येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या फुगलेल्या खिशाकडे पाहत असे.

दगडातून हे जीव सोडवण्याचे काम कंपाउंडरचे. दात कोरायची जी हत्यारे बोथट झाली म्हणून टाकून द्यायची, ती तो मागून घेई आणि त्यांनी दगडाचा एकेक कण उकरी. एका माशाला त्याने सात महिने घेतले. त्याला घाई करताना मी कधी पाहिले नाही, आणि तेच मला खटके. घाई नसलेल्या माणसाजवळ वेळ असतो. त्या वेळात त्याच्या मनात काय शिजते, कोणास ठाऊक. काही दगड तो रुमालात गुंडाळून घरी नेई. आपल्या खिडकीत उजेड चांगला येतो, असे सांगे. आमच्या खिडकीत काय काळोख होता?

डॉक्टरांची थोरली बहीण अक्का. तिचे अक्षर मोत्यासारखे, म्हणून प्रत्येक वस्तूखालची चिठ्ठी तीच लिही. दगडांचे वय लिहिताना ती पदरची दोन शून्ये घालते, असा माझा जुना वहीम आहे.

त्या घरात दोन नियम होते. प्रत्येक वस्तूच्या कडेला पांढरा ठिपका देऊन त्यावर आकडा लिहिलेला असे, आणि माझ्या कड्यावरची खाच त्या आकड्याकडे करूनच मला ठेवायचे, हा पहिला. असे ठेवले की माझे कडे म्हणजे घड्याळाची तबकडी आणि खाच म्हणजे बारा. तोंडातली जागा नेमकी सांगायची सवय असलेल्या डॉक्टरांनी ही युक्ती काढली होती. "खवला तुटका, नऊ वाजता," असे ते वाकल्या वाकल्या सांगत आणि कंपाउंडर नोंदवहीत लिही. दुसरा नियम असा, की काही तुटले तर ते वहीत लिहायचे. कोणाच्या हातून आणि कोणत्या दिवशी. कोणी रागवायचे नाही, कोणी लपवायचे नाही. कामाला लागल्याच्या पहिल्याच वर्षी कंपाउंडरच्या हातून एक शंख पडला होता. "माझ्या हातून, दोन तुकडे," असे लिहून त्याने तारखेसह खाली सही केली होती.

अशी तीस वर्षे गेली. डॉक्टरांनी दवाखाना बंद केला. त्यांची नजर मंदावली, हात जड झाले. तेव्हा गावाने जुन्या वस्तूंसाठी एक मोठे दालन बांधायचे ठरवले आणि दालनाच्या समितीने डॉक्टरांचा संग्रह मागितला. संग्रहाबरोबर राखणदार म्हणून कंपाउंडरही जाणार होता. अट एकच होती. कोणती वस्तू अखंड आहे आणि कोणती सांधलेली, हे डॉक्टरांनी स्वतः तपासून लिहून द्यायचे. कंपाउंडरने नव्या कामासाठी कोट शिवायला टाकला होता आणि अक्का रोज त्याची फिरकी घेत होती.

"कोटात मासे ओळखतील ना रे तुला?"

"अक्का, मासे ओळखतील. तुमचंच सांगता येत नाही," तो म्हणे.

तपासणी डॉक्टर एकटेच करीत. नियमच तसा हवा, असे म्हणून त्यांनी कंपाउंडरला बाहेरच्या खोलीत बसवले होते. पहिल्या दिवशी त्यांनी मला त्या सात महिन्यांच्या माशावर ठेवले, वाकले, आणि वाकलेलेच राहिले. माशाच्या अंगावर एक केसाएवढी काळपट रेघ होती. "सांधा, चार वाजता," असे त्यांनी स्वतःच कागदावर टिपले. मग पानाचा ठसा. तिथेही रेघ. मग शंख. काळ्या, खडबडीत दगडांवर काही दिसले नाही. जे फिकट आणि गुळगुळीत होते, म्हणजे संग्रहात जे सर्वांत देखणे होते, अशा अकरा वस्तूंवर ती रेघ होती. चोराची पारख चांगली आहे, असे मला वाटले.

साध्या डोळ्यांना ती दिसत नव्हती. पण उत्तम सांधा साध्या डोळ्यांना दिसत नसतोच, आणि कंपाउंडरचा हात किती उत्तम हे डॉक्टरांइतके कोणाला ठाऊक होते? त्याचे कसबच त्याच्याविरुद्ध साक्ष देऊ लागले. त्याने वस्तू फोडल्या, बेमालूम जोडल्या आणि वहीत लिहिले नाही. आणि एवढे लपवणाऱ्याने आणखी काय काय लपवले असेल, असे डॉक्टरांच्या मनाने घेतले. दुसरे भिंग घरात नव्हते. असते तरी मी त्याच्यावर विश्वास ठेवला नसता.

चौथ्या दिवशी कंपाउंडर आला तेव्हा कपाटाची किल्ली नेहमीच्या खिळ्यावर नव्हती. तो त्या रिकाम्या खिळ्याकडे बराच वेळ पाहत राहिला.

"किल्ली माझ्याकडे आहे," डॉक्टर म्हणाले, आणि टिपणाचा कागद त्यांनी त्याच्यापुढे सरकवला.

त्याने तो वाचला. पुन्हा वाचला. "डॉक्टर, माझ्या हातून तुटलं असतं तर मी लिहिलं असतं."

"तेच शोधतोय मी. लिहिलेलं कुठं सापडत नाही."

कंपाउंडरने आपली हत्यारे फडक्यावर लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावली, चष्मा खिशात घातला आणि तो निघून गेला. निरपराध माणूस भांडला असता, असे मी स्वतःला बजावले. खरे तर त्या रांगेकडे पाहवत नव्हते.

डॉक्टरांनी समितीला पत्र लिहिले: अकरा वस्तू न कळवता सांधलेल्या आढळल्या, सदर इसमास राखणदार म्हणून ठेवू नये. पत्राला जोडायची यादी स्वच्छ अक्षरात लिहून काढायला त्यांनी अक्काला बसवले. ती खिडकीशी बसून लिहीत होती. मासा, सांधा, चार वाजता. पान, सांधा, चार वाजता. सहाव्या ओळीवर तिची लेखणी थांबली.

"काय रे," तिने आतल्या खोलीकडे तोंड करून विचारले, "तुझे सगळे दगड चारलाच कसे फुटतात? चहाला उठतात की काय?"

तुला नकलायला बसवले आहे, तेवढे कर, असे काहीसे आतून उत्तर आले.

अक्काने ओठ मुडपले. मग माझ्यावरचे फडके काढले, मला उचलले आणि समोरच्या कोऱ्या कागदावर ठेवले. खाच वर, बारावर. ती वाकली. तिने मला पाव फेरा फिरवले आणि पुन्हा वाकली. आणखी पाव फेरा. माझ्या घुमटावर तिचा श्वास धुक्यासारखा बसला आणि विरला.

"इकडे ये," ती आवाज न चढवता म्हणाली. "हा कागदही त्यानंच फोडला का, ते बघ."

डॉक्टर आले. त्यांनी पाहिले, चष्मा पुसून पाहिले, मला पुसून पाहिले. मी जिकडे फिरे तिकडे ती रेघ माझ्याबरोबर फिरत होती. ते खाली बसले आणि उताणा तळहात मांडीवर ठेवून त्याच्याकडेच पाहत राहिले. मग त्यांनी पत्र फाडले. तुकडे अक्काच्या हातात देताना त्यांनी मान वर केली नाही.

त्याच सकाळी त्यांनी मला डबीत घातले, नोंदवही काखेत घेतली आणि ते कंपाउंडरच्या घरी गेले. दार त्यानेच उघडले. त्याची बायको पाणी आणायला म्हणून आत गेली ती पाणी ठेवून पुन्हा आतच राहिली. डॉक्टरांना माफी मागण्याचा सराव नव्हता. त्यांनी वही उघडून टेबलावर ठेवली, तिच्या कोऱ्या पानावर मला ठेवले आणि म्हणाले, "एक नोंद राहिली आहे. तुमच्या अक्षरात हवी."

कंपाउंडर वाकला. त्यालाही मला फिरवून पाहायला सांगावे लागले नाही. मग त्याने लेखणी उचलली आणि रकाना भरायचा म्हणून विचारावे तसे विचारले, "कोणाच्या हातून?"

"माझ्या. तुम्ही भिंग उचलून ठेवता. मी हल्ली ओढतो."

"कोणत्या दिवशी?"

डॉक्टरांनी खूप आठवून पाहिले. आठवत नाही, असे त्यांनी कबूल केले. त्याने लिहिले, "भिंगाच्या पोटावर ओरखडा, चार वाजता. डॉक्टरांच्या हातून." तारखेची जागा त्याने कोरी सोडली. खाली डॉक्टरांनी सही केली. ती जराशी हलली आहे.

दारापर्यंत पोहोचवायला तो आला. तुम्ही उद्या येणार ना, हे डॉक्टरांना विचारता येत नव्हते, ते त्याला समजले असावे. "आधी किल्ली खिळ्याला लावा," तो म्हणाला. "मग येतो."

डॉक्टर आता नाहीत. संग्रह इथे आला. तो कोट कोपरांशी विरला आहे, पण कंपाउंडर रोज तोच घालून येतो आणि तुमच्यासारख्या मुलांना मासे दाखवतो. मलाही एक छोटे कपाट मिळाले आहे. खाली अक्काच्या अक्षरात चिठ्ठी आहे: "जुने भिंग. पोटावर ओरखडा. आता वापरात नाही." लोक मासा पाहायला जाताना माझ्यावरून नजर फिरवतात. कोणी थांबलेच तर त्याचा काय बेत आहे, असे अजूनही माझ्या मनात येतेच, जित्याची खोड.

मित्रांनो, काचेची वस्तू उचलून ठेवा, ओढू नका. पुसण्याआधी तिच्यावर फुंकर घाला, कारण धुळीत वाळू असते. आणि एखाद्या माणसाच्या अंगावर तडा दिसू लागला, तर ज्यातून पाहत आहात ते आधी एका कोऱ्या कागदावर ठेवून पाहा. मला बोलता येत नव्हते, ही सबब मी पुष्कळ वर्षे पुढे केली. पण मी स्वतःशीसुद्धा बोललो नाही. "यात काही नाही," या शब्दांवर मी जगत आलो होतो, आणि ते खोटे ठरण्यापेक्षा एक माणूस खोटा ठरलेला मला चालला.

तपासणीच्या आदल्या आठवड्यातला तो सोमवार होता. कंपाउंडर टपाल टाकायला गेला होता. डॉक्टरांनी मला न उचलता एका न धुतलेल्या दगडावरून पुढे सरकवले, आणि वाळूचा एक कण माझे पोट कापत गेला. मला ते तेव्हाच कळले होते.