कुलपातला संगणक

सोनपेठच्या शाळेत संगणक आला तो १९८९ साली. मुख्याध्यापक दिनकररावांनी त्याला हार घातला, नारळ फोडला आणि दुसऱ्या दिवशी खोलीला कुलूप लावलं. सरकारी वस्तू, बिघडली तर जाब कोण देणार, ही त्यांची धास्ती.

शाळेत कावेरीबाई नावाच्या तरुण शिक्षिका होत्या. त्या औरंगाबादला संगणकाचं प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या. एक दिवस त्या गावातल्या मनकर्णाला घेऊन दिनकररावांसमोर उभ्या राहिल्या. मनकर्णा दहावी झालेली. नवरा वारल्यापासून माहेरी राहून निंदणी-खुरपणीला जायची.

"सर, मला ही मशीन शिकायचीय," ती म्हणाली. "शिकले तर एखाद्या हापिसात काम लागंल. जन्मभर खुरपंच धरायचं व्हय?"

"अहो, मशीन नाजूक असते. बिघडली म्हणजे?"

"सर, शिकणाऱ्याच्या हातून चुका होणारच," कावेरीबाई म्हणाल्या. "पण खोली बंद ठेवून गावाला काय मिळणार?"

दिनकररावांनी किल्ली खिशात टाकली. मनकर्णा खाली मान घालून निघून गेली.

उन्हाळ्याची सुटी संपली. तपासणीसाठी खोली उघडली, तर आत कुबट वास. उंदरांनी वायरी कुरतडल्या होत्या आणि कापडाच्या आच्छादनात पिल्लं घातली होती. दिनकरराव मटकन खुर्चीत बसले.

"कुणाचा हात लागू दिला नाही, तरी गेलाच की हो बाई."

"हात लागत असते, सर, तर इथं उंदीर फिरकले नसते."

त्यांना ते लागलं. ते स्वतः संगणक एसटीनं परभणीला घेऊन गेले, दुरुस्त करून आणला आणि किल्ली कावेरीबाईंच्या हाती दिली. संध्याकाळचा वर्ग सुरू झाला. पहिल्याच दिवशी मनकर्णानं भलतंच बटण दाबलं आणि पडदा काळा झाला. तिनं घाबरून दिनकररावांकडं पाहिलं.

"पुन्हा चालू करा," ते शांतपणे म्हणाले.

पुढं पाऊस हुकला, शेतातली कामं बंद पडली. पण त्या साली मनकर्णा संगणक शिकून परभणीच्या एका कचेरीत कामाला लागली होती आणि घरची चूल पेटती होती. रविवारी ती शाळेत गावातल्या बायांना संगणक शिकवू लागली. त्या वर्गात एक दिवस दिनकरराव आले आणि मागच्या बाकावर बसले.

"सर, तुमी?"

"मलाही येत नाही ना बाई. शिकवा."

मंडळी, नवं साधन गावात आलं की त्याला जपण्याआधी ते लोकांच्या हाती द्यावं. चार माणसं ते शिकली, तर अडचणीच्या वर्षी तीच गावाला सावरून धरतात.