उलट्या ठोक्यांची पानं

"हात नका लावू हो, फळांचा रंग ओला आहे अजून," एदुविहेस धडधडीत खोटं बोलली.

तिच्या नवऱ्याने, क्रेसेन्सियोने, हात मागे घेतला. पक्षाघातानंतर त्याचा उजवा हात सारखा थरथरायचा, नजरही अधू झाली होती. चौकात जत्रेची गर्दी होती आणि मधोमध तिचं झाड उभं होतं. लाकडाचं खोड तिने कोरलेलं, मातीचे अ‍ॅव्होकाडो तिनेच भाजलेले, आणि तांब्याची पानं नवऱ्याची. निदान गावाला तसं सांगितलं होतं.

तांबटांचंच गाव ते. कुणाचा हातोडा कसा पडतो, हे इथे आवाजावरून माणूस ओळखावा तसं ओळखतात. क्रेसेन्सियोने पावसाळाभर खपून पानं मठारली होती. कुठे ठोका खोल गेलेला, कुठे काठच फाटलेला. झाड मोरेलिया शहरातल्या प्रदर्शनात जायचं होतं, तिच्या जन्माची हौस होती ती. तिने ती पानं गुपचूप मक्याच्या कणगीत लपवली आणि उबाल्दोकडून नवी करून घेतली. उबाल्दो नवऱ्याच्याच हाताखाली शिकलेला, कुणाला कळतंय, अशी तिने मनाची समजूत घातली. पण त्या दिवसापासून तिला घास गोड लागत नव्हता.

"काय पानं आहेत क्रेसेन्सियोकाका!" मक्याची गरम पेज, आतोले, विकणारी ओतिलिया ओरडली. "म्हणे आजारी माणूस! आमच्या धडधाकट नवऱ्याला साधी परात ठोकता येत नाही."

लोक हसले. क्रेसेन्सियोही खूश झाला. "बघू तरी आपली करामत," म्हणत त्याने एका पानावरून अंगठा फिरवला. अंगठा मध्येच थांबला.

उबाल्दो डावखुरा. त्याचे ठोके उलटे कलतात. इतकी वर्षं तांबटाच्या घरात काढून एवढं ध्यानात येऊ नये! आता चारचौघांत शोभा होणार. होऊ दे मेली, माझी लायकीच ती, असं एदुविहेसला वाटलं.

"छान झालीत," क्रेसेन्सियो म्हणाला. "पण हात उबाल्दोचा आहे हो. खाली त्याचं नाव घाला."

घरी येईपर्यंत तो तिच्या पुढे चालत राहिला. अंगणात टोपी काढून त्याने विचारलं, "माझी कुठायत?"

"कणगीत. अहो, चुकले मी. हव्या तेवढ्या शिव्या द्या."

"शिव्या कशाला? बिघडलीच होती ती. माझ्या बोटांना कळत नव्हतं होय? पण तू तोंडावर सांगायचं होतंस गं. दुसऱ्या कुणाचं ऐकलं नसतं, तुझं ऐकलं असतं."

तिने मक्यातून पानं उपसली आणि शालीने एकेक पुसली.

"भट्टी पेटव. तांबं वाया जायला नको."

"वितळवू नका हो! आत्ता जाऊन उबाल्दोची काढते, तुमची लावते..."

"भाता धर."

लग्न होऊन आल्यापासून भाता तीच ओढत आली होती. ती बसली. तो थरथरत्या हाताने चिमट्यात एकेक पान धरून निखाऱ्यांत टाकू लागला. एक पान घसरून राखेत पडलं. तिने उचलायला हात पुढे केला.

"राहू दे. मी घेतो."

चिमटा पानाला लागायचा आणि निसटायचा. ती रडत रडत भाता ओढत राहिली.